कोळंबीचे आंबोण

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या सदलग्याच्या रस्त्यांवर दोन प्रकारच्या मालाची वर्दळ सुरू होते. एक उसाची आणि दुसरी सोयाबीनची. ऊस कोठे जातो हे येथील लहान मुलालाही सांगावे लागत नाही. सोयाबीनची पोती मात्र मालमोटारीत चढतात, मोटार वेशीबाहेर पडते आणि त्यापुढील तिचा प्रवास आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असतो. गतवर्षी नववीच्या वर्गात प्रथिनांचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमचं सोयाबीन शेवटी खातं कोण? आमच्या घरी तर कोणीच खात नाही."

प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देताना माझी थोडी तारांबळ उडाली. तेल माणसे खातात, हे खरे. तथापि दाण्यात तेल असते ते शेकडा १८ ते २० एवढेच. उरलेली जी पेंड, ती कोंबड्या खातात, काही अंशी दुभती जनावरे खातात आणि सह्याद्रीपलीकडे, समुद्राकाठच्या तळ्यांत, कोळंबीही खाते. शेवटचे नाव ऐकताच वर्गात हशा पिकला. सोयाबीनच्या शेंगा पाण्यात बुडी मारून खाणारी कोळंबी मुलांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असावी. त्या हशाचे उत्तर म्हणून हा लेख लिहीत आहे.

आरंभीच एक खुलासा करणे योग्य होईल. आमच्या गावात जैन कुटुंबे पुष्कळ आहेत आणि ज्या घरांत कोळंबीचे नावही निघत नाही अशी घरे थोडी नाहीत. त्या घरांतील वाचकांस एवढेच सांगणे आहे की, प्रस्तुत लेख कोळंबी खाण्याविषयी नसून कोळंबी काय खाते याविषयी आहे. आणि ती जे खाते त्यात आपल्या शिवारातील माल असल्यामुळे, या विषयाशी आपला संबंध मुळीच नाही असे म्हणता येणार नाही.

कोळंबी हा मासा नव्हे. खेकडा आणि शेवंड यांच्या कुळातील तो दहा पायांचा, कवचधारी प्राणी आहे. गोव्यात तिला सुंगट म्हणतात, आपले कन्नड भाषिक शेजारी सिगडी म्हणतात. नदीच्या पाण्यात सापडणारा झिंगा हा तिचाच गोड्या पाण्यातील भाऊबंद होय. हिची खाण्याची रीत माशाहून अगदी निराळी आहे. मासा घास गिळतो. कोळंबी घास हातात धरून कुरतडते. तिच्या चालण्याच्या पायांपैकी पुढील तीन जोड्यांना टोकाशी लहान चिमटे असतात. डोळ्यांपेक्षा मिशांनी व पायांनी वास घेत ती तळाशी फिरते, खाद्याचा कण चिमट्यात पकडते, तोंडाशी नेते आणि सावकाश त्याचे तुकडे पाडते. पोटातही दळण्यासाठी एक लहानसे जातेच असते म्हणा ना! त्यापुढील आतडे म्हणजे पाठीतून शेपटीपर्यंत गेलेली एक सरळ नळी. कोळंबी सोलताना पाठीतून जो काळा दोरा काढून टाकतात तो हाच. ही नळी काही तासांतच रिकामी होते. म्हणून कोळंबीला एकदम पोटभर जेवण चालत नाही. थोडे थोडे, परंतु दिवसातून चार-पाच वेळा लागते. गाईम्हशींप्रमाणे चार पोटे आणि निवांत रवंथ हे भाग्य तिच्या वाट्याला आलेले नाही.

पूर्वी तिला कोणी खाऊ घालीत नसे. गोव्यातील खाजण जमिनी प्रसिद्ध आहेत. खाडीकाठी बांध घालून भरतीचे पाणी अडविलेले असते आणि बांधात 'मानस' नावाची झडप बसविलेली असते. भरतीबरोबर कोळंबीची पिले आत येतात, चिखलातील सूक्ष्म जीव, शेवाळ आणि कुजका पालापाचोळा खाऊन वाढतात आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून धरली जातात. आपल्याच राज्यात, कुमट्याजवळ अघनाशिनीच्या मुखाशी, 'गजनी' नावाच्या खाऱ्या शेतांत 'कग्गा' भाताच्या जोडीने हीच पद्धत चालत आलेली आहे. निसर्ग जेवढे वाढील तेवढेच ताटात, असा हा व्यवहार. त्यात खर्च नव्हता. उत्पन्नही हेक्टरी काहीशे किलोंपुढे सहसा जात नसे. आज तेवढ्याच जागेत कित्येक टन कोळंबी पिकविण्यात येते. हा फरक पडला तो मुख्यतः बाहेरून घातलेल्या खाद्यामुळे. असे खाद्य म्हणजे गोळी पेंडेचे एक पोते आणून पाण्यात ओतणे नव्हे, हे समजावयास माणसाला सुमारे अर्धशतक लागले.

पहिली अडचण पिलांची होती. कोळंबीची मादी एका वेळी लाखांच्या हिशेबात अंडी घालते. अंड्यातून निघालेला जीव इतका लहान असतो की तो कोळंबीचा आहे हे सांगूनही पटू नये. पहिले दीड-दोन दिवस तो काहीच खात नाही, बरोबर आणलेल्या बलकाच्या शिदोरीवर राहतो. शिदोरी संपताच त्याला खाणे हवे असते आणि ते त्याच्या तोंडात मावेल एवढेच हवे असते. जपानमधील मोटोसाकू फुजिनागा या शास्त्रज्ञाने १९३४ च्या सुमारास कुरुमा जातीच्या कोळंबीची अंडी प्रयोगशाळेत मिळवून पिले वाढविण्यास आरंभ केला. ही पिले डायाटम नावाच्या, काचेसारखे सूक्ष्म कवच असलेल्या एकपेशीय वनस्पतींवर जगतात, हे त्याने दाखविले. थोडी मोठी झाल्यावर त्याच पिलांना वनस्पती पुरत नाहीत, हलता जीव लागतो. त्यासाठी पुढे जो प्राणी जगभर उपयोगात आला त्याचे नाव आर्टेमिया. अतिशय खारट पाण्यात राहणारा हा सूक्ष्म प्राणी पाणी आटू लागले की वाळूच्या कणाएवढ्या कोशात आपले बीज ठेवून देतो. हे कोश वाळवून डब्यात भरले तरी वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि खाऱ्या पाण्यात टाकले की साधारण एका दिवसात त्यांतून पिले बाहेर पडतात. अमेरिकेतील यूटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक या सरोवरातून असे कोश गोळा करून दूरदूरच्या देशांत पाठविण्यात येतात. आपल्या मुंबईच्या मिठागरांतही आर्टेमिया आढळलेला आहे. जोंधळ्याचे बी डब्यात ठेवून पुढल्या पावसाळ्यात पेरावे, तसे हे जिवंत खाद्य डब्यातून काढून 'पेरता' येते.

पिले तयार होऊ लागली तरी ती वाढवावयाची कशावर, हा प्रश्न राहिलाच. आरंभी जपानी शेतकरी शिंपल्यांतील मांस आणि हलक्या प्रतीची ओली मासळी चिरून तळ्यात टाकीत. ते महाग पडे, नासे आणि पाणी घाण करी. तैवानमध्ये १९६८ साली लियाओ यी-च्यू या शास्त्रज्ञाने वाघ कोळंबीची, म्हणजे अंगावर पट्टे असलेल्या मोठ्या जातीची, पिले कृत्रिम रीतीने वाढविली. त्यानंतर तेथे कोरड्या कांडी-खाद्याचे कारखाने निघाले. एकाच दशकात तैवान या धंद्यात अग्रेसर झाला आणि १९८८ साली रोगराईने तितक्याच वेगाने कोसळला. भारतात १९९० नंतर आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जी तळी झाली त्यांतील आरंभीचे खाद्य पुष्कळसे तैवान आणि थायलंडमधूनच येत असे. १९९४–९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुरोगाने वाघ कोळंबीचा संहार झाला. २००९ साली मूळच्या अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील 'वनामी' या जातीच्या व्यापारी संवर्धनास परवानगी मिळाली आणि आज भारतीय तळ्यांत तिचेच प्राबल्य आहे. इतिहास येथेच पुरे. आता आपण खाद्याकडे वळू.

आपल्याकडे जनावराला आंबोण देतात. सरकी पेंड, भुसा, चुणी घमेल्यात घेऊन वर पाणी ओतावयाचे, फुगू द्यावयाचे आणि म्हशीपुढे ठेवावयाचे. आंबोण जितके मऊ तितके म्हशीला प्रिय. कोळंबीच्या बाबतीत नेमके उलट आहे. तिचे घमेले म्हणजे एक-दोन एकरांचे तळे! तेथे जे विरघळले ते गेलेच. ते पुन्हा कोळंबीच्या तोंडी लागत नाही. शिवाय ती वासाने खाद्य शोधणार, हातात धरणार, कुरतडणार. या साऱ्यास वेळ लागतो. म्हणून तिची कांडी पाण्यात निदान दोन-तीन तास तरी अभंग राहिली पाहिजे, आणि तरीही इतकी टणक होता कामा नये की तिला ती कुरतडताच येऊ नये.

हे प्रत्यक्ष पाहावे म्हणून आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग केला. रत्नागिरीकडे नोकरीस असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने मूठभर कोळंबी-खाद्य आणून दिले होते. शेवईच्या जाडीचे, तपकिरी रंगाचे आणि सुकटीसारख्या उग्र वासाचे ते तुकडे होते. एका काचेच्या पेल्यात ते टाकले आणि दुसऱ्या पेल्यात म्हशीची गोळी पेंड. पहिली तासिका संपण्यापूर्वीच दुसऱ्या पेल्यात गढूळ लापशी झाली. पहिल्या पेल्यातील तुकडे मधल्या सुट्टीपर्यंत जसेच्या तसे होते. थोडे फुगले होते, बोटाने दाबता दबत होते, पण तुटत नव्हते. पेंडेत काही वाईट होते असे नव्हे. ती म्हशीसाठी केलेली होती, एवढेच.

हा चिवटपणा येतो कोठून? उत्तर आपल्या माजघरातच आहे. उन्हाळ्यात आपल्या आया, आजी कुरडया करतात. गहू भिजवून, वाटून त्याचा चीक काढतात, तो आधणात शिजवितात आणि सोऱ्यातून दाबून काढतात. चीक नीट शिजला तर कुरडई अखंड राहते. कच्चा राहिला तर वाळताना तिचे तुकडे पडतात. शिजताना पिष्ठाचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि एकमेकांना चिकटतात, हे त्यामागील रहस्य आहे. कोळंबी-खाद्याच्या कारखान्यात याहून वेगळे फारसे काही घडत नाही. सर्व पदार्थ पिठासारखे बारीक दळतात, कारण भरड कण राहिला की त्याच ठिकाणी कांडीला चीर पडते. त्यात गव्हाचे पीठ, कधी गव्हातील चिकट प्रथिन, मिसळतात. मग वाफेने ते मिश्रण ९० अंशांच्या वर तापवितात, छिद्रे असलेल्या पोलादी साच्यातून दाबून काढतात, पुन्हा काही वेळ वाफेत मुरवितात आणि शेवटी वाळवितात. लहान पिलांसाठी याच कांड्या भरडून चाळतात. कुरडईचा सोऱ्या हाताने फिरतो आणि येथे यंत्राने, एवढाच भेद!

आता कांडीच्या आत काय असावे, हा खरा शास्त्राचा भाग. कोळंबीला प्रथिने फार लागतात. वनामीच्या खाद्यात ती साधारणतः शेकडा ३२ ते ३८ असतात, वाघ कोळंबीला त्याहूनही थोडी अधिक लागतात. दुभत्या म्हशीच्या पेंडेत ती याच्या जवळजवळ निम्मीच असतात. ही प्रथिने आरंभी मासळीच्या पिठातून घेत. लहान मासळी शिजवून, दाबून, वाळवून, दळून हे पीठ होते. त्यात शेकडा ६० ते ७० प्रथिने असतात आणि कोळंबीला हवी असलेली सारी अमिनो आम्ले हव्या त्या प्रमाणात मिळतात. गुणाने याहून सरस पदार्थ शोधून सापडणे कठीण. परंतु एक किलो पीठ व्हावयास सुमारे साडेचार किलो ताजी मासळी लागते. समुद्रातील एक जीव वाढविण्यासाठी समुद्रातीलच दुसरा उपसावयाचा, हा हिशेब फार दिवस चालणारा नव्हता.

त्याचा पहिला मोठा दाखला कोळंबीच्या धंद्यापूर्वीच मिळाला होता. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर अँकोवेटा नावाची बोटभर लांबीची मासळी अपार मिळे. १९७० साली १ कोटी २० लाख टनांहून अधिक मासळी तेथे पकडण्यात आली आणि जवळजवळ सारी पीठ करून परदेशी गेली. १९७२ साली 'एल निन्यो' या सागरी घटनेने तेथील पाणी उबदार झाले. आधीच बेसुमार उपसलेली मासळी दिसेनाशी झाली आणि १९७३ साली पकड २० लाख टनांच्याही खाली आली. मासळीचे पीठ मिळेना तेव्हा जगातील कोंबड्या-डुकरांचे खाद्य करणारे कारखानदार सोयापेंडेकडे धावले, तिचे भाव भडकले आणि १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेने काही काळ सोयाबीनची निर्यातच रोखली. पेरूची मासळी आणि सोयाबीनचा दाणा हे एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसलेले आहेत, हे त्या वर्षी जगाला कळून चुकले.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. हेक्झेन नावाच्या द्रावकाने तेल काढून घेतल्यावर उरणाऱ्या पेंडेत ती ४६ ते ४८ टक्क्यांपर्यंत जातात. मात्र कच्चे सोयाबीन पुष्कळ जनावरांना मानवत नाही. प्रथिने पचविणाऱ्या रसाला अडविणारे एक द्रव्य त्यात असते. ते उष्णतेने नाश पावते, म्हणून पेंड योग्य तितकी भाजून घेतात. कमी भाजली तर दोष राहतो, अधिक भाजली तर प्रथिनेच बिघडतात. भाकरी भाजणाऱ्या हाताला जे कळते तेच येथे यंत्राला शिकवावे लागते.

एवढे करूनही सोयापेंड म्हणजे मासळीचे पीठ नव्हे. तिच्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते वेगळे घालावे लागते. तिच्यातील फॉस्फरस बराचसा अशा रूपात अडकलेला असतो की कोळंबीला तो घेता येत नाही. तिला समुद्राचा वास नाही, आणि वासावर चालणाऱ्या प्राण्याला बिनवासाचे ताट दिसतच नाही. म्हणून माकुलाचे पीठ किंवा मासळीचा अर्क थोडा तरी मिसळतात. सर्वांत चमत्कारिक गोष्ट कोलेस्टेरॉलची. वैद्य लोक आपल्याला ज्याची भीती घालतात तेच कोलेस्टेरॉल कोळंबीला अन्नातून मिळाले नाही तर ती जगत नाही. आपले शरीर ते स्वतः तयार करते, कवचधारी प्राण्यांना ते तयार करता येत नाही. कोळंबी वाढते ती कात टाकून. जुने कवच फोडून बाहेर पडावयाचे आणि नवे कवच टणक होईपर्यंत अंग फुगवून घ्यावयाचे, हा तिचा वाढीचा क्रम. कात टाकण्याचा हुकूम देणारे संप्रेरक कोलेस्टेरॉलपासूनच बनते. जपानमधील कागोशिमा विद्यापीठातील अकिओ कानाझावा यांनी १९७० नंतरच्या दशकात केलेल्या संशोधनामुळे ही गरज स्पष्ट झाली. वनस्पतींत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. तेव्हा कांडीतील मासळी जसजशी कमी करावी तसतसे ते बाहेरून घालण्याची पाळी येते. त्याचे वजन अत्यल्प, किंमत मात्र भारी.

याच्या उलट एका बाबतीत सोयाबीन मासळीच्या मदतीस धावून येते. तेल शुद्ध करताना लेसिथिन नावाचा चिकट स्निग्ध पदार्थ वेगळा निघतो. आतड्यातून घेतलेले स्निग्ध पदार्थ अंगभर पोचविण्यास कोळंबीला, विशेषतः पिलांना, याची गरज असते. म्हणजे एकाच दाण्याची पेंडही कांडीत जाते आणि तेलाचा गाळही!

रंगाविषयी दोन शब्द. शिजवलेली कोळंबी लाल दिसते. तो रंग अस्टाझँथिन या द्रव्याचा. जिवंतपणी ते एका प्रथिनाला बांधलेले असल्यामुळे निळसर-करडे भासते, उष्णतेने गाठ सुटली की लाल होते. हे द्रव्यही कोळंबी मुळापासून तयार करू शकत नाही, अन्नातूनच घेते.

चेन्नई येथे १९८७ साली स्थापन झालेली केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्था देशी कच्च्या मालापासून खाद्य तयार करण्याच्या मागे लागलेली आहे. 'वनामी प्लस' नावाचे तिचे खाद्य मुट्टुकाडू येथील प्रयोग केंद्रात सिद्ध झाले. त्यात सोयापेंडेचा वाटा मोठा आहे. एके काळी कांडीचा चतुर्थांश किंवा अधिक भाग मासळीच्या पिठाचा असे, तो आज पुष्कळ ठिकाणी त्याच्या निम्म्यावर आलेला आहे. किड्यांच्या अळ्या, जिवाणूंपासून काढलेली प्रथिने असे इतरही पर्याय पुढे येत आहेत. परंतु भावाच्या दृष्टीने सोयाबीनची जागा अद्याप कोणी घेतलेली नाही.

भावाचा विषय निघालाच आहे तर २०२१ सालची गोष्ट सांगतो. त्या वर्षी सोयाबीनला कधी नव्हे असा भाव आला होता. शेतकरी आनंदात आणि पशुखाद्य करणारे हवालदिल. ऑगस्ट महिन्यात केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंड परदेशातून आणण्यास परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव उतरले. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. माझे मत विचाराल तर, ज्याच्या घरी पोती भरून पडली होती त्याचे म्हणणे फारसे कोणी ऐकून घेतले नाही, असे मला वाटते. भाव कोणामुळे चढला आणि कोणामुळे पडला हे समजण्यासाठी तरी, आपले सोयाबीन शेवटी कोण खाते, या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर घराघरांत माहीत असावयास हवे.

कोळंबी पिकविणाऱ्याच्या एकूण खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावर होतो. म्हणून किती घालावे, हा प्रश्न काय घालावे याइतकाच निकडीचा आहे. साधारण दीड किलो खाद्याला एक किलो कोळंबी, हा चांगला हिशेब समजतात. आता नववीच्या गणितानेच पाहू. खाद्यात ३५ टक्के प्रथिने आणि प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन धरला, तर दीड किलो खाद्यात ८४ ग्रॅम नायट्रोजन झाला. एक किलो कोळंबीच्या अंगात तो २९ ग्रॅमच्या आसपास असतो. बाकीचे ५५ ग्रॅम कोठे गेले? तळ्यात. विष्ठेतून, उत्सर्जनातून आणि न खाल्लेल्या कांड्यांतून. त्याचा अमोनिया होतो आणि अमोनिया कोळंबीला विष आहे. म्हशीपुढे आंबोण उरले तर ते गव्हाणीत दिसते, उचलून टाकता येते. तळ्याच्या तळाशी उरलेले खाद्य दिसत नाही. ते कुजते, पाण्यातील प्राणवायू खाते, आणि मायेने दोन मुठी अधिक घालणाऱ्या मालकाची कोळंबी पहाटे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तडफडू लागते. भरपूर खाऊ घालणे म्हणजे चांगले पोसणे, हा आपल्या गोठ्यातील नियम येथे घातक ठरतो.

त्यावर तोडगा म्हणजे जाळीच्या पराती. तळ्यात काही ठिकाणी अशा पराती दोरीने सोडून त्यांत थोडे खाद्य ठेवतात. दोन तासांनी वर काढून पाहतात. परात रिकामी असेल तर पुढील वेळी थोडे वाढवावयाचे, उरले असेल तर कमी करावयाचे. कात टाकण्याच्या दिवसांत कोळंबी खात नाही, ढगाळ हवेत कमी खाते, हे सारे त्या परातीवरून कळते. पिलाला आपल्या वजनाच्या एक-दशांश किंवा त्याहूनही अधिक खाद्य रोज लागते, वीस ग्रॅमच्या कोळंबीला अडीच-तीन टक्केच पुरते. बदलत्या प्रमाणाचा तक्ता हाताशी असतो. तरीही अनुभवी माणूस तक्त्यापेक्षा परातीवर विश्वास ठेवतो.

दुसरा तोडगा आपल्या कारखान्यातून जातो. साखर काढून घेतल्यावर जी काळी, दाट मळी उरते ती तळ्याच्या पाण्यात घालतात. कोळंबीसाठी नव्हे, जिवाणूंसाठी. जिवाणूंना साखर मिळाली की ते वाढतात आणि वाढताना पाण्यातील अमोनिया आपल्या शरीरात ओढून घेतात. इस्राएलमधील योराम अवनिमेलेख यांनी १९९९ साली याचा हिशेब मांडला. एक ग्रॅम नायट्रोजन असा बांधून ठेवावयाचा तर सुमारे २० ग्रॅम पिष्टमय किंवा शर्करायुक्त पदार्थ लागतात. जिवाणूंचे हे पुंजके कोळंबी पुन्हा खाते. म्हणजे उष्ट्यातून पुन्हा अन्न. मात्र त्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. म्हणून पाणी घुसळणारी चक्रे रात्रंदिवस चालू ठेवावी लागतात आणि वीज गेली तर तासाभरात सर्वस्वाची धूळधाण होऊ शकते.

हे सारे ऐकल्यावर त्या विद्यार्थ्याने दुसरा प्रश्न विचारला. त्यांच्या नदीकाठच्या शेतात उसाला पाणी देऊन देऊन जमीन पांढरी पडली आहे. शिरोळ-मिरजेकडे आणि उगारच्या परिसरात अशी क्षारपड जमीन पुष्कळ आहे, आणि आमच्याही बाजूस तिचे चट्टे दिसतात. "तिथे हे तळं होईल का?" असे त्याने विचारले.

हरियाणात तसे घडलेले आहे. १९६१ साली मुंबईत स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने रोहतकजवळ लाहली येथे भूगर्भातील खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवून दाखविली. तेथे एक गोष्ट ध्यानात आली आणि तीही पोषणाचीच आहे. कोळंबी कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम ही खनिजे केवळ कांडीतून नव्हे, तर भोवतालच्या पाण्यातूनही घेते. भूगर्भातील पाणी चवीला समुद्राइतके खारट असले तरी त्यात पोटॅशियम फारच कमी असते. अशा पाण्यात उत्तम खाद्य घातले तरी कोळंबी दुबळी होऊन मरते. पाण्यात म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे आपण उसाला घालतो तेच खत, विरघळविले तेव्हा ती जगली. तेव्हा जमीन पांढरी आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कोणते क्षार आणि किती, हे आधी पाहावे लागते. आणि तळ्यातील खारे पाणी शेजाऱ्याच्या चांगल्या रानात उतरू लागले तर काय करणार, हेही आधीच ठरवावे लागते. किनाऱ्यावर याच कारणावरून तंटे वाढले, ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयास कडक निर्णय द्यावा लागला आणि पुढे २००५ साली संसदेने किनारी जलजीवपालनाचा कायदा केला. शिवाय गिऱ्हाईक दूरचे आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली तेव्हा आपला सर्वांत मोठा ग्राहक एका रात्रीत महाग झाला. सोयाबीन निदान पोत्यात भरून चार महिने ठेवता येते, तळ्यातील कोळंबी ठेवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने शेतातील विहिरीचे पाणी एका स्वच्छ धुतलेल्या बाटलीत भरून आणले. बाटलीवर तारीख आणि गट क्रमांक लिहून आम्ही ती पाणी तपासणीसाठी पाठविली आहे. त्या प्रयोगातील दोन्ही पेले मात्र अद्याप प्रयोगशाळेच्या खिडकीत आहेत. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी मधल्या सुट्टीत यावे, पण वासाची तयारी ठेवून.